टिचकीची जकात

नाणेघाटाच्या माथ्यावर एक दगडी रांजण आहे. जुन्नरकडून गेलात तर घाटाची नाळ सुरू होण्याच्या जरा अलीकडे तो दिसतो. पावसाळ्यात भटकायला आलेली मंडळी त्याच्याभोवती उभी राहून फोटो काढतात, आणि त्यांच्यातला एखादा जाणता गडी सांगतो की सातवाहनांच्या काळी व्यापारी या रांजणात जकातीची नाणी टाकून पुढे जात. रांजणावर तसं काही कोरलेलं नाही. जकातीची गोष्ट परंपरेने चालत आलेली आहे. पण शेजारच्या लेण्यात नागनिकेचा प्रसिद्ध शिलालेख आहे, त्यात यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या हजारो गाईंची आणि कार्षापणांची यादी आहे. एवढा पैसा कुठून येत होता याचा विचार केला, की रांजणाची गोष्ट खोटी वाटेनाशी होते.

कल्याण आणि सोपारा या बंदरांवर उतरलेला माल वैशाखऱ्यावरून या नाळेने वर चढायचा, जुन्नरला यायचा आणि पुढे पैठणकडे जायचा. वाटेवर नजर ठेवायला जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी. ज्या गावाला आपण आज शिवजन्मभूमी म्हणून ओळखतो, ते त्याच्याही दीड हजार वर्षं आधी एका मोठ्या रहदारीच्या तोंडाशी बसलेलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण शीर्षकातली टिचकी कुठे आहे? सांगतो.

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ जुन्नर तालुक्यात कृषी पर्यटनाचा छोटासा व्यवसाय करतात. चार खोल्या, द्राक्षाची बाग, चुलीवरचं जेवण आणि मुलांसाठी एक बैलगाडी. २०१८ साली सरकारने जुन्नर पर्यटन तालुका म्हणून जाहीर केल्यावर अशी ठिकाणं बरीच झाली, आणि त्याबरोबर स्पर्धाही आली. कुणाच्या तरी सल्ल्याने यांनी महाजालावर जाहिरात दिली. जाहिरात दिसली तर पैसे नाहीत, कुणी तिच्यावर टिचकी मारून यांच्या पानावर आलं तरच पैसे. महिन्याभराने भेटले तेव्हा म्हणाले, "सर, रोज दीड-दोनशे लोक पानावर येऊन जातात असं हिशेबात दिसतंय. पण फोन एकाचाही नाही. हे लोक येतात तरी कुठून, आणि जातात कुठे?"

प्रश्न साधा होता, पण मला रांजण आठवला. घाटातून जाणाऱ्या प्रत्येकामागे पैसे आणि पानावर येणाऱ्या प्रत्येकामागे पैसे, या दोन व्यवहारांत तसं साम्य बरंच आहे. फरक एवढाच की व्यापारी घाटात जकात भरायचा ती त्याचा माल बाजारात पोचावा म्हणून. तिथे बाजार होता हे त्याला ठाऊक होतं. आमच्या या परिचितांनी जकात भरली, पण वाट बाजाराकडे जाते की कड्याकडे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

ही टिचकीमागे दाम देण्याची रीत आली कुठून, ते थोडं पाहू. महाजालावरच्या पहिल्या पट्टीजाहिराती हॉटवायर्ड या स्थळावर २७ ऑक्टोबर १९९४ रोजी लागल्या. तेव्हाचा हिशेब वर्तमानपत्रासारखाच होता. अमुक इतक्या लोकांना दाखवू, तमुक पैसे द्या. बघणाऱ्याने बघितलं की नाही, याची जबाबदारी छापणाऱ्यावर नाही. १९९६ साली प्रॉक्टर अँड गँबल या साबण आणि कपडे धुण्याच्या पावडरी विकणाऱ्या अवाढव्य कंपनीने याहूला सांगितलं, की नुसतं दाखवल्याचे पैसे आम्ही देणार नाही, टिचकी पडली तरच देऊ. जाहिरात छापणाऱ्यांमध्ये तेव्हा खळबळ उडाली होती. आजवर जोखीम जाहिरात देणाऱ्याची होती. ती आता छापणाऱ्याच्या गळ्यात पडणार होती.

१९९८ मध्ये बिल ग्रॉसच्या गोटू या कंपनीने यातून नवा बाजारच उभा केला. शोधाच्या प्रत्येक शब्दाचा लिलाव. जो टिचकीमागे जास्त पैसे देईल त्याचं नाव वर. पुढे हिचंच नाव ओव्हर्चर झालं आणि २००३ साली याहूने ती विकत घेतली. गूगलने आपली अ‍ॅडवर्ड्स ही सेवा २००० मध्ये सुरू केली ती दाखवण्याच्या हिशेबावर, आणि २००२ मध्ये टिचकीच्या हिशेबावर आणली. एक सुधारणाही केली. नुसता जास्त पैसे देणारा वर नाही, तर ज्याच्या जाहिरातीवर लोक खरोखर टिचकी मारतात त्यालाही वजन.

इथपर्यंत सगळं शोधाबद्दल होतं. माणूस स्वतःहून काहीतरी विचारतोय आणि त्याला उत्तरासोबत जाहिरात दिसतेय. २००३ साली गूगलने पुढचं पाऊल टाकलं. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये त्यांनी अप्लाइड सिमँटिक्स ही कंपनी १० कोटी २० लाख डॉलरला घेतली, आणि जूनमध्ये अ‍ॅडसेन्स खुलं केलं. आता जाहिराती शोधाच्या पानाबाहेर पडून दुसऱ्यांच्या मजकुरात शिरल्या. बातम्या, लेख, पाककृती, प्रवासवर्णनं, कुणाचीही पानं. यंत्र मजकूर वाचणार, त्याला साजेशी जाहिरात लावणार आणि टिचकी पडली की पैशाचा एक वाटा त्या पानाच्या मालकाला देणार. हा वाटा ६८ टक्के आहे हे गूगलने २०१० साली जाहीर केलं.

लिहिणाऱ्यांना हे वरदानच वाटलं. आपण लिहावं, लोकांनी वाचावं आणि बाजूच्या चौकटीतून चार पैसे यावेत, याहून काय हवं? मराठीत लिहिणाऱ्यांची मात्र वेगळीच गंमत होती. यंत्राला मराठी येत नव्हतं. त्यामुळे मराठी पानावर एकतर लोकसेवेच्या फुकट जाहिराती दिसत, नाहीतर मजकुराशी काडीचाही संबंध नसलेलं काहीतरी. हिंदीला अधिकृत मान्यता डिसेंबर २०१४ मध्ये मिळाली, आणि मराठीला त्यानंतरही आणखी काही वर्षं थांबावं लागलं. शिवनेरीवरच्या पाण्याच्या टाक्यांवर कुणी कितीही जीव ओतून लिहिलं, तरी नारायणगावच्या दुकानदाराची जाहिरात तिथे लागत नव्हती. दुकानदाराला त्या पानाचा पत्ता नव्हता आणि यंत्राला दोघांचाही.

पण जाहिरात देणाऱ्यांच्या बाजूने काय झालं? तिथे कुरकुर लवकरच सुरू झाली. शोधाच्या पानावरून आलेला माणूस विकत घेतो, मजकुराच्या पानावरून आलेला नुसताच डोकावून जातो, असा अनुभव यायला लागला. दोन्ही टिचक्यांचा दाम मात्र सारखाच. एप्रिल २००४ मध्ये गूगलने हे मान्य करून टाकलं, म्हणजे शब्दांत नाही तर दरात. त्या महिन्यापासून मजकुराच्या पानावरची टिचकी कमी कामाची आहे असं यंत्राला वाटलं तर तिचा दाम आपोआप कमी लावायचं ठरलं. उदाहरण त्यांनीच दिलं होतं. डिजिटल कॅमेऱ्यांच्या परीक्षणाच्या पानावर कॅमेऱ्याची जाहिरात असेल तर तिथली टिचकी मोलाची, पण छायाचित्रणाच्या युक्त्या सांगणाऱ्या पानावरची तीच जाहिरात तितकी मोलाची नाही. २००५ च्या अखेरीस तर शोधासाठी वेगळी बोली आणि मजकुरासाठी वेगळी बोली लावायची सोय झाली. बाजार सांगत होता की या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

मला हा फरक नारायणगावच्या राहुट्यांवरून सर्वांत नीट कळतो. नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर याच गावच्या. यात्रांचा हंगाम आला की तमाशाच्या फडांच्या राहुट्या तिथे लागतात, आणि गावोगावचे पंच आपल्या यात्रेसाठी फड ठरवायला येतात. बोलणी होतात, सुपारी दिली जाते. राहुटीशी आलेला माणूस घरातून निघतानाच तमाशा ठरवायचा म्हणून निघालेला असतो. त्याच्यासमोर आपल्या फडाचं नाव मोठ्या अक्षरात असणं याला किंमत आहे. आता त्याच फडाचं पोस्टर मंचरच्या एसटी स्टँडवर लावा. हजार लोक बघतील. कुणी दवाखान्यात निघालंय, कुणी बाजार समितीत, कुणी भीमाशंकरला. त्यांच्यातला एखादा पंच असेलही. पण पोस्टरपाशी थांबून बघणाऱ्या प्रत्येकामागे फडमालकाने पैसे मोजले तर त्याचं दिवाळं वाजायला वेळ लागणार नाही.

शोधाची जाहिरात म्हणजे राहुटी, मजकुरातली जाहिरात म्हणजे स्टँडवरचं पोस्टर. पोस्टर वाईट असतं असं नाही. फडाचं नाव लोकांच्या तोंडी राहतं ते पोस्टरमुळेही. पण पोस्टरचा दाम राहुटीच्या हिशेबाने लावला की घोळ होतो.

दुसरा घोळ नियतीचा होता. म्हणजे देवाच्या नव्हे, माणसांच्या. मराठेशाहीत जकातीची वसुली पुष्कळदा मक्त्याने दिली जाई. मक्ता घेणाऱ्याने सरकारला ठरलेली रक्कम भरायची, वर जे जमेल ते त्याचं. साहजिकच जास्तीत जास्त ओझी मोजली जाण्यात त्याचा फायदा. मजकुराच्या पानांवर नेमकं तेच झालं. प्रत्येक टिचकीमागे पानाच्या मालकाला पैसे मिळणार म्हटल्यावर काहींनी स्वतःच टिचक्या मारल्या, काहींनी माणसं बसवली, काहींनी यंत्रं लावली. डिसेंबर २००४ मध्ये गूगलचे तेव्हाचे वित्तप्रमुख जॉर्ज रेयेस यांनीच खोट्या टिचक्या हा या सगळ्या व्यवहाराला सर्वांत मोठा धोका असल्याचं सांगितलं होतं. २००६ मध्ये अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात लेन्स गिफ्ट्स नावाच्या दुकानाने इतरांच्या वतीने लावलेला दावा गूगलने ९ कोटी डॉलरपर्यंतची तडजोड करून मिटवला.

आणि ज्या खोट्या नव्हत्या अशा टिचक्यांचं काय? भ्रमणध्वनीवर वाचताना अंगठा घसरून पडलेली टिचकी खोटी नसते, पण खरीही नसते. पान सरकवताना जाहिरात बोटाखाली आली, दुसरं पान उघडलं, माणूस वैतागून मागे गेला. हिशेबात एक पाहुणा येऊन गेला. आमच्या परिचितांचे दीड-दोनशे लोक बहुधा यातलेच बरेचसे असावेत.

तर मग परवडतं की नाही? इथे आधी साधी बेरीज-वजाबाकी करून बघू. आकडे उदाहरणापुरते. समजा एका टिचकीचे सहा रुपये पडतात आणि शंभर टिचक्यांतून एक कुटुंब मुक्कामाला येतं. जाहिरातीचा खर्च झाला सहाशे. जेवणखाण, माणसांची मजुरी वजा जाता त्या कुटुंबामागे पंधराशे हाती राहत असतील तर नऊशेचा फायदा, म्हणजे उत्तम. पण तेच कुटुंब तीनशे टिचक्यांतून एक आलं, तर खर्च अठराशे, आणि तीनशे रुपये घरातून. टिचकी स्वस्त की महाग हे टिचकीच्या दरावरून ठरत नाही. किती टिचक्यांमागे एक गिऱ्हाईक, यावर ते ठरतं. आणि हा आकडा यंत्र दाखवत नाही, कारण जुन्नरला बुकिंग फोनवर होतं, आणि पाहुणे पैसे निघताना देतात.

पण या हिशेबातही एक खोच आहे, आणि तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आलेलं कुटुंब जाहिरात नसती तर आलंच नसतं का? लेण्याद्री आणि ओझर, अष्टविनायकांपैकी दोन गणपती या एकाच तालुक्यात. शिवनेरीवर तर बारा महिने माणसं. यातला कुणी मुक्कामाची जागा शोधत असताना वाटेत जाहिरात दिसली म्हणून तिच्यावर टिचकी मारून आला, पण त्याला आधीच कुणी तुमचं नाव सांगितलेलं होतं, तर तुम्ही घरी येणाऱ्या पाहुण्याचीच जकात भरलीत.

हे नुसतं तर्कट नाही. ईबे या कंपनीने २०१२ मध्ये स्वतःवर प्रयोग करून पाहिला. थॉमस ब्लेक, क्रिस नॉस्को आणि स्टीव्हन टाडेलिस या तिघांचा त्यावरचा निबंध २०१५ साली इकॉनोमेट्रिका या नियतकालिकात आला. ईबे आपल्याच नावाच्या शोधावर जाहिरात देत असे. ती काही ठिकाणी बंद केली, तर जाहिरातीवरून येणाऱ्या माणसांपैकी ९९.५ टक्के माणसं खालच्या फुकटच्या दुव्यावरून आली. म्हणजे ज्याला यायचंच होतं त्याच्यासाठी कंपनी पैसे मोजत होती. इतर शब्दांवरच्या जाहिरातींचा परिणाम नेहमीच्या गिऱ्हाइकांवर जवळपास शून्य निघाला. ज्यांना ईबे फारसं माहीतच नव्हतं अशा नव्या लोकांवर मात्र तो दिसला. आणि हे सगळं शोधाच्या, म्हणजे राहुटीच्या जाहिरातींबद्दल आहे. पोस्टरची स्थिती याहून बरी असण्याचं कारण नाही.

त्याच वर्षी रँडल लुईस आणि जस्टिन राव यांनी पंचवीस मोठ्या जाहिरात-प्रयोगांचा अभ्यास छापला. त्यांचं म्हणणं आणखी अस्वस्थ करणारं आहे. लोकांची खरेदी मुळातच इतकी अनियमित असते, आणि एका माणसामागे जाहिरातीचा खर्च इतका थोडा असतो, की लाखो लोकांवर प्रयोग करूनही पैसे वसूल झाले की बुडाले हे खात्रीने सांगता येत नाही. मोठमोठ्या कंपन्यांची ही कथा. आणि आपल्याकडचा कुणी महिन्याला दोन-चार हजार रुपये घालून आलेखातल्या चढत्या रेषेकडे बघत बसतो.

१९९६ साली टिचकीचा आग्रह धरणाऱ्या प्रॉक्टर अँड गँबलचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. २०१७ साली याच कंपनीने एका तिमाहीत महाजालावरच्या जाहिरातींतून १० कोटी डॉलरहून जास्त रक्कम काढून घेतली. जाहिराती यंत्रमानव बघतायत की नको तिथे लागतायत याची खात्री नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. विक्रीवर फारसा परिणाम झाला नाही हेही त्यांनीच सांगितलं. तिकडे अ‍ॅडसेन्सने २०२४ च्या सुरुवातीला पानांच्या मालकांना टिचकीमागे पैसे देण्याची पद्धत सोडली आणि दाखवण्यामागे द्यायला सुरुवात केली. वीस वर्षं टिचक्या मोजून झाल्यावर मजकुराच्या पानांपुरती गाडी पुन्हा १९९४ च्या फलाटावर आली.

मग मजकुरातली जाहिरात कधीच कामाची नाही का? असंही नाही. इथे मला लक्ष्मणराव किर्लोस्करांचा नांगर आठवतो. लोखंडी नांगर जमिनीत घातला तर जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. असा माणूस नांगर शोधत दुकानात येणार कसा? जी वस्तू लोकांना हवी आहे हेच लोकांना माहीत नाही, तिच्यासाठी राहुटी लावून उपयोग नसतो. तिथे आधी सांगावं लागतं, समजावावं लागतं, म्हणजे मजकूरच लागतो. १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढली ती कारखान्याची आणि मालाची माहिती लोकांपर्यंत जावी म्हणून. पुढे तिचं 'किर्लोस्कर' मासिक झालं आणि ते मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या वाचलं गेलं. दुसऱ्याच्या मजकुराशेजारची चौकट भाड्याने घेण्याऐवजी त्यांनी लोकांनी वाचावा असा मजकूरच उभा केला. खर्च यातही होता, आणि कदाचित जास्तच होता. पण तो पैसा संपल्यावर मागे काहीतरी उरत होतं.

मागे उरण्यावरून पुन्हा जुन्नरकडे येतो. इथल्या डोंगरांत दोनशेच्या वर लेणी आहेत आणि त्यांत दात्यांची नावं कोरलेली आहेत. लेण्याद्रीचा चैत्य कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत याने दिला. म्हणजे ज्या बंदरातून नाणेघाटाची रहदारी सुरू व्हायची तिथलाच माणूस. शिवनेरीवर इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने भोजनमंडप. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि टाकं दिलं. मानमोडीच्या डोंगरात नहपानाचा अमात्य अयम याच्या दानाचा लेख आहे. आदुथुम नावाच्या एका शकाने तर शेताचं उत्पन्न श्रेणीकडे ठेवून करंजाची आणि वडाची झाडं लावायची व्यवस्था केली.

या लेखांना जाहिरात म्हणणं अन्यायाचं होईल. ते पुण्यासाठी दिलेलं दान होतं, लेखांतला शब्दही तोच आहे, देयधम. पण नाव कोरलं गेलं, आणि तेही वाहत्या वाटेवर, हे खरं. ज्या व्यापाऱ्याने रांजणात नाणी टाकली, त्याच्या नाण्यांचं काय झालं ते आपल्याला माहीत नाही. ज्याने टाकं खोदलं त्याचं नाव मात्र आजही वाचता येतं. दोघांचाही खर्च योग्यच होता. जकात त्या दिवसाच्या मालासाठी होती आणि टाकं पुढच्या उन्हाळ्यांसाठी. गल्लत होते ती जकात भरून टाक्याची अपेक्षा केली की.

आणि वाटा बदलतात, हे तर घाटाइतकं कुणीच शिकवत नाही. पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात नोंद आहे की कल्याण एके काळी रीतसर बाजारपेठ होतं, पण पुढे तिथला व्यापार अडवला गेला आणि चुकून आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. बंदरावरची सत्ता बदलली की घाटातली रहदारी आटली, मग माथ्यावरच्या रांजणाने काहीही करो. पुढे १८३० मध्ये खंडाळ्याच्या बोरघाटातून गाडीरस्ता झाला, १८६३ मध्ये तिथूनच आगगाडी वर चढली, आणि नाणेघाट मागे पडला. घाट तसाच राहिला, फक्त रहदारी दुसरीकडून जायला लागली.

आजही तेच चाललंय. ऑगस्ट २०२४ पासून भारतात गूगल शोधाच्या वरच कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेलं तयार उत्तर दाखवू लागलं. उत्तर तिथेच मिळालं तर पानावर जायचं कशाला? अमेरिकेतल्या प्यू संस्थेने २०२५ मध्ये दिलेल्या आकड्यांप्रमाणे, असं उत्तर दिसलं तेव्हा लोकांनी खालच्या दुव्यावर टिचकी मारली ती १०० पैकी ८ वेळा, आणि दिसलं नाही तेव्हा १५ वेळा. मजकुराची पानंच ओस पडू लागली तर त्यांच्यावरच्या चौकटी कोण बघणार? एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतल्या एका न्यायालयाने गूगलने जाहिरातींच्या बाजाराच्या काही भागांत बेकायदेशीर मक्तेदारी केल्याचा निर्णय दिला. मक्तेदारी हा आपला शब्द मक्त्यावरूनच आला आहे. जकातीचा मक्ता एकाच्याच हाती गेला की भाव कोण ठरवतं, हे आपल्या भाषेला जुनं ठाऊक आहे.

मी आमच्या परिचितांना काय सांगितलं? मजकुराच्या पानांवरची जाहिरात आधी बंद करा. जाहिराती देताना ही दोन दालनं वेगळी करता येतात, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, आणि यांनाही नव्हतं. शोधावरची ठेवायची तर 'जुन्नर मुक्काम' अशा शब्दांवर ठेवा, स्वतःच्या ठिकाणाच्या नावावर नको. एक महिना चालू, एक महिना बंद, असं दोन-तीनदा करून बघा, पण शिवजयंती आणि संकष्टीचे दिवस दोन्हीकडे सारखे येतील असं बघा, नाहीतर गर्दी देवाची आणि श्रेय जाहिरातीचं. आणि मुख्य म्हणजे एक वही ठेवा. येणाऱ्या प्रत्येकाला विचारा, आमच्याबद्दल कुठे कळलं?

मोठ्या कंपन्यांना लाखोंच्या गर्दीत जे कळत नाही ते चार खोल्यांच्या मालकाला कळू शकतं, कारण त्याचं गिऱ्हाईक त्याच्यासमोर पाटावर बसून जेवत असतं. हा फायदा छोट्या माणसाचा आहे आणि तो सहसा कुणी वापरत नाही.

वहीची तीन-चार पानं भरल्यावर त्यांनी मला दाखवली. बहुतेक ओळींत एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत होती. मेहुण्याने सांगितलं, ऑफिसातल्या मैत्रिणीने सांगितलं, मागच्या वर्षी आलो होतो. एका ओळीत लिहिलं होतं, "लेण्याद्रीला पाणी संपलं होतं, खाली तुमच्याकडे मागितलं, तुम्ही दिलंत." जाहिरात बघून आलेली दोन कुटुंबं होती, आणि दोन्ही शोधावरून आलेली. त्यांनी मजकुरावरचे पैसे थांबवले, आणि उरलेल्या रकमेतून फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला सावलीत पिण्याच्या पाण्याचे दोन माठ ठेवले. माठांवर ठिकाणाचं नाव आणि फोन नंबर रंगवला आहे.